साडूचा फंड

माझा एक रुपयाही नसलेला एक म्युच्युअल फंड मी सहा वर्षं दर महिन्याच्या पाच तारखेला उघडून बघत आलोय. तो माझ्या साडूचा, म्हणजे बायकोच्या मोठ्या बहिणीच्या नवऱ्याचा फंड. वर गेलेला दिसला की सकाळचा चहा कडू लागतो. पडलेला दिसला की शेजारच्या दुकानदारालाही माझ्याकडून चहा.

साडू अंबरनाथला फॅक्टरीत ऑफिसर होता. क्वार्टर, एक तारखेला पगार, आता पेन्शन. मी उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये दोन मशीनवर बायकांचे गाऊन शिवायला लागलो. आज बावीस मशीन आहेत आणि बदलापूरला बेलवलीत स्वतःचा फ्लॅट आहे. कोणी हात दिला नाही. तरी सासरी पहिलं ताट त्याच्यापुढे यायचं आणि माझी ओळख करून दिली जायची ती 'धाकटे जावई, गाऊनचं काहीतरी बघतात' अशी. ते 'काहीतरी' मला अजून टोचतं.

फंड मात्र आम्ही एकाच दिवाळीत सुरू केले. दोघांनाही मॅनेजर स्वतः शेअर निवडतो आणि त्याची फी घेतो, असाच फंड हवा होता. साडूनं एजंटकडून घेतला. मी हसलो आणि कमिशन वाचवायला डायरेक्ट प्लॅन घेतला. शिवाय त्याचं एक युनिट काही शेकड्यांत आणि माझं बारा रुपयांत. तेवढ्याच पैशात त्याला मूठभर युनिट्स, मला ढीगभर. सौदा मीच मारला असं वाटलं. युनिट स्वस्त म्हणून फंड स्वस्त होत नसतो, दोन्ही फंड सारख्या टक्क्यांनी वाढले तर दोघांना फायदाही सारखाच, हे कळायला मला दोन वर्षं लागली. कळलं तेव्हा कोणाला सांगितलं नाही.

दुसरी चूक धंद्यातून आली. आमच्या गल्लीतले सिंधी व्यापारी एकमेकांना सांगतात, "सीझन गया, माल निकालो साईं." न खपलेला गाऊन मीही कधी पुढच्या वर्षाला ठेवला नाही. फंडांचंही तेच केलं. दर दिवाळीला यादी बघायची, वर्षभरात पहिला आलेला घ्यायचा, जुना काढून टाकायचा. मी घेतला की तो पहिला खाली घसरायचा, आणि काढलेला उठून धावायला लागायचा. वर विकल्याचा टॅक्स. साडू एजंटला कमिशन देत आपल्या जागी बसून राहिला आणि माझ्या पुढे गेला. जणू मला खिजवायलाच.

गेल्या वर्षी बायकोच्या माहेरची जागा विकली. दोघी बहिणींना सारखा वाटा मिळाला.

बायको म्हणाली, "फंडातच घालू. पण कुठला, ते भाऊजींना विचारू."

"का? मी काय मेलोय?"

"तुम्ही दर वर्षी नवा आणता. हे माझ्या आईबाबांचं घर होतं."

रविवारी अंबरनाथला गेलो. स्टेशनबाहेर रिक्षावाल्याशी दहा रुपयांवरून भांडलो. राग कुठेतरी काढायला हवा होता.

साडूनं वही उघडली. "या शेठ. हे बघा, मी दोनच गोष्टी बघतो. बाजार पडला तेव्हा फंड इंडेक्सपेक्षा कमी पडला का? आणि सांभाळणारा माणूस तोच आहे का? पहिला नंबर, दुसरा नंबर शाळेत बघायचे."

मेहुणी हसली ते ठीक. बायकोही हसली.

"तुमचा माणूस तोच आहे?" मी विचारलं.

"तोच. पहिल्यापासून."

"गेला."

"कोण गेला?"

"तुमचा मॅनेजर. मार्चमध्येच दुसऱ्या कंपनीत गेला. एजंट बोलला नाही? मग कमिशन कशाचं घेतो तो?"

साडूनं चष्मा लावला, फोनवर बराच वेळ शोधलं आणि वही मिटली. इतक्या वर्षांत त्या घरातला चहा मला पहिल्यांदा गोड लागला.

"तुम्हाला कसं कळलं?" बायकोनं विचारलं.

"असंच. वाचनात आलं."

"फोन बघू."

अ‍ॅपमधल्या माझ्या यादीत सगळ्यात वर साडूचा फंड होता, चांदणी लावून ठेवलेला. तिनं तो त्यालाच दाखवला, मग माझ्याकडे वळली. "हा तर भाऊजींचा. तुमचा सध्या कुठला?"

मला नाव पटकन आठवेना.

साडू हसला असता तर मी भांडलो असतो. तो हळूच म्हणाला, "शेठ, एवढं तर मीसुद्धा कधी बघितलं नाही."

परतताना बायकोनं निकाल दिला. "निवडा तुम्हीच. भाऊजींच्या दोन्ही गोष्टी तपासून. तुमच्याइतकं बारीक कोणी बघत नाही. पण खातं माझ्या नावावर, ओटीपी माझ्या फोनवर. आणि विकायचं कधी, ते मी ठरवणार."

मी तीन आठवडे घेतले. पडत्या वर्षांचे आकडे काढले, मॅनेजर किती वर्षं टिकलाय ते बघितलं, फी ताडून पाहिली. निवडलेल्या फंडाचं युनिट महागडं होतं, तरी तोच घेतला. एवढा अभ्यास मी माझ्या पैशासाठी कधी केला नव्हता.

साडूनं त्याचा फंड विकला नाही. नव्या माणसाला वर्षभर बघतो म्हणाला. या पाच तारखेला मी दोन्ही फंड उघडले. बायकोचा ठीक चाललाय. साडूचा थोडा पुढे आहे, नव्या माणसाच्या हातातही.

दिवाळी तोंडावर आली होती. मी बायकोला म्हटलं, "एकदा यादी बघायची का? बघायला काय जातंय?"

तिनं स्वतःचा फोन उचलला, पर्समध्ये टाकला आणि चेन लावली.