गंजलेले बोल्ट आणि त्यांची माणसं

आमच्या गॅरेजमागे भंगाराचा ढीग आहे. चिरलेले रबरी बुश, मान मोडलेले बोल्ट, झिजून कागद झालेले ब्रेकचे ड्रम. भंगारवाला येतो, तराजूत टाकतो, घेऊन जातो. पण प्रत्येक बोल्टाबरोबर जो किस्सा बाहेर निघतो, तो न्यायला कोणी येत नाही! तो साठतच जातो. त्यात गॅरेज इस्लामपूरला. म्हणजे एकीकडून घाटातल्या पावसात भिजलेल्या गाड्या, दुसरीकडून उसाच्या फडातला चिखल खाल्लेल्या. नवी गाडी आमच्याकडे पत्ता चुकली तरच येते.

गॅरेज मी आणि दाजी चालवतो. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे मिस्टर, संपतराव. मिलिटरीच्या गाड्यांच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. गंजलेला बोल्ट समोर आला की आधी त्याला सॅल्यूट ठोकतात. म्हणतात, "बाळू, दुश्मन पुराना है. इज्जत देनी पडती है!"

* * *

यशवंत पैलवानाची जुनी जीप आली होती. डावं चाक काढून, ते ज्यावर बसतं तो हब बघायचा होता, आतून खरखर यायची. दाजी पार्ट आणायला सांगलीला गेलेले. मी पान्याला पाइप लावतोय तोवर पैलवान म्हणाला, "सरक रं. तुज्यानं काय हुतंय!"

शर्ट काढला, मांडीवर थाप मारली आणि पाइपला झोंबला. जीप हलली. पाइप वाकला. नट मात्र केसभर फिरायचा, कुरकुरायचा आणि थांबायचा. पैलवान खूश. "आलाय, आलाय! सुटत आलाय बघ!"

तेवढ्यात दाजी आले. बघितलं आणि कपाळावर हात मारला. "पैलवान, ह्या जीपला डाव्या बाजूचे आटे उलटे असत्यात. मगाधरनं तुमी आवळताय!"

पैलवान मटकन खाली बसला. घाम पुसत काळजीनं म्हणाला, "मग आता सोडवायला माज्यापेक्षा तगडा कोण आणायचा?"

* * *

महाबळेश्वरचे तुकातात्या टॅक्सीवाले. तिथला पाऊस पिऊन पिऊन टॅक्सीचा मागचा ड्रम हबला असा चिकटलेला, की दोन्ही एकाच साच्यातून काढल्यासारखे. दाजींनी घण उचलला. पहिला घाव बसला आणि तात्या कळवळले, "आई गं!"

दुसऱ्या घावाला त्यांनी डोळे मिटले. "आवं, दमानं! हिच्या जिवावर लेकीचं लगीन केलंय. पोराला शिकवलंय हिनं."

असं ऐकल्यावर कुणाचा हात उठेल? दाजींनी घण खाली ठेवला आणि गोड आवाजात म्हणाले, "तात्या, भूक लागली. कोपऱ्यावरनं वडापाव आणता का?"

तात्या वळले मात्र, दणादण दणादण! ड्रम निघाला.

तात्या पुडा घेऊन परत आले. सुटलेला ड्रम बघून त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. "बगा! मायेनं सांगितलं की ऐकती ती!"

दाजी वडापाव खात म्हणाले, "व्हय तात्या. एक शब्द बी मोठ्यानं बोलावा लागला न्हाई!"

* * *

बॉल जॉइंट, म्हणजे चाकाजवळचा गोळ्याचा सांधा, ही चीज ज्यानं काढलीय त्यालाच माहीत. एका जुन्या गाडीचा जॉइंट सकाळपासून छळत होता. तेल पाजलं, गरम केलं, ठोकलं. शेवटी पुलर, म्हणजे ओढून काढायचा शिकंजा, लावून करकचून आवळला आणि दोघंही हताश होऊन बाजूला बसलो.

दुपारी आक्का डबा घेऊन आली. आमची तोंडं बघितली. डबा बॉनेटवर ठेवला आणि... धाड्‌!

बंदुकीची गोळी सुटावी तसा आवाज! जॉइंट आपोआप सुटलेला. पुलरच्या ताणानं सुटला हो, आम्हाला कळत होतं. पण आक्काला कोण सांगणार? कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मी नुसता डबा ठेवला तर निगालं. तुमी सकाळधरनं काय करत हुता?"

तेव्हापासून काही अडलं की गिऱ्हाईकच म्हणतं, "वहिनींना बोलवा!"

* * *

शालनमावशी भाजीची जुनी व्हॅन स्वतः चालवतात. एका पहाटे बाजाराच्या वाटेवर व्हॅन पंक्चर झाली. नट सोडले, जॅक लावला, पण चाक गंजून हबलाच धरून बसलेलं. मावशी लाथा मारून थकल्या आणि आम्हाला फोन केला. रडकुंडीला आलेल्या. "माल सुकून चाललाय रं!"

दाजींनी फोनवरच सांगितलं. "मावशी, जॅक उतरवा. नट परत लावा, पर जरा ढिले ठिवा. आता गाडी जागच्या जागी हातभर म्होरं, हातभर मागं घ्या. हळू!"

फोनमधून "कट्‌" ऐकू आलं, आणि पाठोपाठ मावशींचं हसू. वांगी वेळेत बाजारात पोचली.

पुढे एक ड्रायव्हर आमच्याकडे आला. चिकटलेलं चाक. दाजी पुढे झाले, तर तो हात आडवा करून म्हणाला, "थांबा वो. तुमाला येतंय का? बाजारात एक भाजीवाली मावशी हाय, तिची ट्रिक लय भारी हाय!"

* * *

आणि ते माधवनगरचे दोघं भाऊ. थोरले वसंतराव, धाकटे जयवंत. वडील गेल्यापासून एकमेकांशी बोलणं बंद. वडिलांची गाडी दोघांची. आईला त्याच गाडीतून माहेरच्या जत्रेला जायचं होतं, आणि गाडी दोघांनी मिळून दुरुस्त करून आणायची ही तिची अट.

आले. एक या भिंतीला टेकून, दुसरा त्या. मधे मी.

"मालक, त्यांना म्हणावं, बॅटरीचा उजेड दावा जरा."

"मालक, त्यांना म्हणावं, बॅटरी त्यांच्याच हातात हाय."

डावीकडचं चाक धरणाऱ्या खालच्या आर्मचा लांब बोल्ट बुशमध्ये गंजून एकजीव झालेला. दाजींनी जोर लावला, मी लावला. शेवटी दाजी खांदा चोळत म्हणाले, "आमचं काम न्हाई. तुमी दोगं धरा पाइप."

दोघांनी धरला. एक ओढायचा तेव्हा दुसरा दम घ्यायचा. बोल्ट ढिम्म.

"आवं, एकदम वडा की! कुणीतरी आवाज द्या."

पाइपवर दोघांचे हात एकमेकांना लागून, नजरा दोन दिशांना. मग वसंतराव पाइपकडे बघत, घसा खाकरून म्हणाले, "जयवंता... वड!"

कड्ड्‌! बोल्ट सुटला आणि दोघं ऑइलमध्ये आडवे. धाकटा थोरल्याच्या अंगावर.

"दादा, लागलं का?"

"न्हाई रं. तुला?"

मग दोघं उठले. एकाच चिंधीला दोघांनी हात पुसले. मग वसंतरावांनी आमच्याकडे न बघताच विचारलं, "उजवीकडचा बी आसाच गच्च आसंल, न्हवं?"

उजवीकडचा मी सकाळीच सोडलेला. नुसत्या बोटांनी फिरत होता. मी सांगायला तोंड उघडलं, तोवर दाजी पाना घेऊन गाडीखाली शिरले. आतून बोल्ट आवळल्याचा आवाज आला. चांगला करकचून.

बाहेर आले आणि कपाळावरचा घाम पुसत म्हणाले, "लय गच्च हाय. या दोगं."