बटांवरची चाचणी

टाळूच्या नव्या लोशनची चाचणी पास झाल्याचा कागद वाचला आणि केमिस्टबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन वर्षं त्या या लोशनमागे राबत होत्या. गेल्या महिन्यात त्यांनी ते स्वतःच्या डोक्याला लावलं, तर कानामागे फोड आले. तसं त्यांनी लेखी कळवलंही होतं. तरी साहेबांनी घाईघाईत दुसरी चाचणी उरकली होती, तीही कापलेल्या केसांच्या बटांवर.

बाई बाटली घेऊन तडक साहेबांच्या केबिनमध्ये शिरल्या.

"चाळीस बटांना लावलं, एकीचीही तक्रार नाही," साहेब म्हणाले. "सगळ्या मऊसूत झाल्यात. आणखी काय हवं तुम्हाला?"

"बटांना खाज सुटते का हो? डोक्याला चोळायची वस्तू तुम्ही डोकंच नसलेल्या केसांवर तपासलीत. आता माझी सही हवीय ना? मग आधी तुम्ही लावा."

साहेब आपल्या गुळगुळीत टकलावरून हात फिरवत हसले. "मी कशाला? माझ्या डोक्यावर केस कुठे आहेत?"

"केस नकोच आहेत," बाईंनी बाटलीचं झाकण उघडलं. "कातडी आहे ना?"

साहेबांची खुर्ची भिंतीला टेकेपर्यंत मागे सरकली.