मामांना जोड हवी

आमच्या शेलार गावच्या मामांइतक्या दिमाखात आखाड्यात उतरणारा पहिलवान अख्ख्या ठाणे जिल्ह्यात झाला नाही आणि होणारही नाही. आधी चारी दिशांना नमस्कार, मग पंचांना, मग हलगीवाल्याला, मग झाडावर बसून फुकट बघणाऱ्यांना. शड्डू असा ठोकत की एकदा पलीकडच्या बैलाने दावं तोडलं होतं. समोरच्याच्या अंगाला माती लावताना ते त्याच्या आईची तब्येत विचारत आणि उत्तर पुरं व्हायच्या आत त्याला आकाश दाखवत. "कुस्ती व्हती का वरात?" असं मामींनी विचारलं, की म्हणत, "लोकं लांबून येतात. नुसती कुस्ती काय दाखवायची त्यांना?" एरवी ते भिवंडीत कापडाच्या लूमवर ड्युटी करत. तिथेही मांडीवर थाप मारल्याशिवाय लूम चालू करत नसत.

आणीबाणी उठली त्या वर्षीची जत्रा. आमच्याकडे पहिलवान हात उंच करून आखाड्याला फेरी मारतो. ज्याला लढायचं तो येऊन त्या हाताला हात लावतो, की जोड ठरली. मामांची फेरी झाली, कोणी उठेना. पन्नाशीच्या माणसाला पाडण्यात शोभा नाही आणि त्याच्याकडून पडण्यात तर मुळीच नाही, असा पोरांचा हिशेब. दुसरी फेरीही रिकामी गेली, तेव्हा पंच हार-नारळ घेऊन त्यांचा सत्कार करायला निघाले. सत्कार झाला की पहिलवान संपला, हे मामांना पक्कं ठाऊक होतं. "नारल देवाला फोडा," ते ओरडले, "मना जोड द्या!" आवाज चिरकला होता.

तेवढ्यात गर्दीतून खारबावचे चाचा उठले. तरुणपणी मामांशी कैक वेळा झुंजलेले, आता लूमचे मालक, पोट सुटलेले. सदरा काढत म्हणाले, "अरे, मी मेलो काय? हात नीचे मत कर!"

मग काय विचारता! दोघं मध्येच दम खायला थांबत आणि तेवढ्यात एकमेकांना शिव्या देऊन घेत. माणसं हसून हसून लोळली. शेवटी चाचांनी मामांना चीत केलं आणि दोघांना उठवायला पंचांनाच यावं लागलं.

परतताना मामांचा खांदा हलेना. सदरा मीच घातला त्यांना. पण वाटेत भेटेल त्याला ते आपण हरल्याची बातमी देत होते. जिंकून आलेले मामा मी इतके खूश कधी पाहिले नव्हते. घरी हळद लावता लावता मामींनी विचारलं, "आता पुरं ना?"

मामा म्हणाले, "पुरं. पन मना पाडून घरी बसवलाय, हार घालून न्हाय."

मामी हळदीचा हात त्यांच्या खांद्यावर तसाच ठेवून बसून राहिल्या.