नऊ व्होल्टचे भाऊजी

विजेला इतका भिणारा माणूस अख्ख्या रत्नागिरीत दुसरा सापडायचा नाही, हे मी आमच्या भाऊजींबद्दल छातीठोकपणे सांगतो. भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान, भूगोलाचे निवृत्त मास्तर. दिव्याचं बटण ते पाटावर उभं राहून, कोरड्या काठीच्या टोकाने दाबत. तिकडे गुहागरच्या बाजूला आभाळात नुसतं चमकलं की इकडे मेन स्वीच बंद. एकदा तर पंगत बसलेली असताना त्यांनी पंखे बंद करायला लावले आणि घामाघूम पाहुण्यांना वर म्हणाले, "घाम काय, पुसता येतो. शॉक पुसून दाखवा बघू!"

म्हणूनच त्या दुपारी त्यांच्याकडे गेलो तेव्हा माझी बोबडीच वळली. भाऊजी पडवीत खुर्चीवर ताठ बसले होते. कपाळावर दोन ओले स्पंज फडक्याने आवळून बांधलेले, त्यांतून निघालेल्या वायरी मांडीवरच्या नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीला जोडलेल्या आणि चेहरा पांढराफटक.

"बोलू नको रे," ते ओठ न हलवता म्हणाले, "मेंदूत करंट चालू आहे."

ताईला आदल्या वर्षी पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. सगळं समजे, पण शब्द काही फुटत नसे. डोक्याला बारीकसा करंट देऊन अशा माणसांची वाचा सुधारते का, याचे परदेशात प्रयोग चालू असल्याचं भाऊजींनी सायबर कॅफेतून छापून आणलेल्या कागदांत वाचलं आणि सुधारतेच, असं ठरवून टाकलं. "आज माझ्यावर, उद्या हिच्यावर," ते म्हणाले.

स्पंज मिठाच्या पाण्यात भिजवायचा असतो म्हणे. भाऊजींनी तो कोकमाच्या आगळात भिजवला. बरणी हाताशी होती, मीठ आयतंच घातलेलं आणि वर पित्तालाही बरं! फडकं सोडलं तर कपाळ लालभडक.

"भाऊजी, भाजलंय हो हे!"

"भाजतंय कसलं? रंग आहे तो कोकमाचा. आंबट आहे, चुरचुरणारच."

मी त्यांना जवळजवळ ओढतच डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी ओल्या कापसाने कपाळ पुसलं. लाल रंग गेला, पण खालची रुपयाएवढी भाजल्याची खूण काही जाईना.

"मास्तर, इस्पितळात हे करतात तेव्हा करंट मोजून, वेळ ठरवून, कातडीकडे बघत करतात. तुमच्या बॅटरीला आवर कोण घालणार? स्पंज सुकला, आतला वायरीचा पत्रा कातडीला टेकला. आणि झटक्यानंतर वहिनींना आकडी येऊन गेली ना? मग त्यांच्या डोक्याला घरात असलं काही लावायचंच नाही."

"उद्या लावणार होतो हो," एवढंच भाऊजी म्हणाले. वाटेत रिक्षातही त्यांनी माझा हात सोडला नाही.

घरी आलो. कपाळावरची पट्टी बघून ताईने डावा हात वर केला, पट्टीच्या कडेवर बोट टेकवलं. ओठ बराच वेळ नुसते हलले. मग म्हणाली, "भा... भाजलं?"

इतक्या महिन्यांतला तो पहिला शब्द. भाऊजी लहान मुलासारखे रडले. मग डोळे पुसत मला म्हणाले, "म्हणजे मशीन चाललं की रे! चुकीच्या डोक्याला लागलं, एवढंच." आणि बॅटरी काठीनेच ढकलत ढकलत त्यांनी अडगळीत नेली.

पुढे रोज दिवेलागणीला ताई डाव्या हाताने त्या डागावर खोबरेल लावायची. लावता लावता एखादा शब्द यायचा, एखाद्या दिवशी नाही यायचा. भाऊजी कपाळ पुढे करून वाट बघत बसायचे.

ताई आता नाही. परवा संध्याकाळी गेलो होतो. भाऊजींनी पाटावर चढून काठीने दिवा लावला, तिच्या रिकाम्या खुर्चीसमोर येऊन बसले आणि कपाळ जरासं पुढे केलं. मी कोनाड्यातली खोबरेलाची बाटली काढली. डाग केव्हाच गेलाय, हे आम्ही दोघंही बोललो नाही.