शांत लेकरू

सौंसरच्या बसस्टँडवर नागपूरची गाडी लागली, तेव्हा मला पोचवायला सगळं घर आलं होतं. बाबांनी संत्र्यांची पिशवी सीटखाली सरकवली. खिडकीखाली वहिनी उभी होती, खांद्यावर चार महिन्यांचा देवांश झोपलेला. ड्रायव्हरने लांबलचक हॉर्न दिला. मी दचकले. देवांश हललासुद्धा नाही.

"कसं शांत लेकरू हाय, माय!" आई कौतुकानं म्हणाली. "आत्यावर नाई गेलं."

आम्ही सगळे हसलो. ते हसू मी पार पुण्यापर्यंत नेलं.

रामाकोन्याच्या आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. बाबांनी शिकू दिलं, हे मी कधी विसरत नाही. इथे पुण्यात एका संस्थेत माझं काम लहान मुलांच्या आईवडिलांना शिकवण्याचं. वस्तीवस्तीत आमची सेशन्स असतात. बाळाशी बोला, त्याने आवाज काढला की उत्तर द्या, खेळणं नसेल तर वाटी-चमचा द्या. हेच सगळं मी फोनवर वहिनीला सांगत आले. तिने एकही गोष्ट सोडली नाही.

देवांश दीड वर्षाचा झाला, तरी 'आई' म्हणेना. दिवाळीला घरी गेले, तेव्हा मी त्याच्या पाठीमागे स्टीलचं ताट वाजवलं. तो मातीत गाडी फिरवत राहिला. पुन्हा वाजवलं, जोरात. अंगणातली कोंबडी पळाली. तो वळला नाही.

मी सगळ्यांसमोर म्हटलं, नागपूरला नेऊन कान तपासू. बोलणं शिकायचं वय हेच आहे, उशीर नको.

"मी बी तीन वर्षांचा झाल्यावरच बोललो," दादा म्हणाला. "आता मी मुका हावो का?"

आई चुलीपासून उठलीच. "दोन बुकं शिकली तं घरच्याच पोट्ट्यात खोट काढून राहिली! एकडाव डॉक्टरनं सांगतलं का गावभर बहिरा म्हणतीन त्याले. जामसांवलीच्या मारुतीले नवस केला हाय मी."

बाबा उठून संत्र्याच्या बागेकडे निघून गेले. वहिनी माझ्याकडे बघत होती, पण तिच्या बघण्यानं त्या घरात काही ठरत नाही. माझ्या बोलण्यानंही नाही. सुट्टी संपली. परतीच्या गाडीनंही हॉर्न दिला, आणि मी खिडकीतून फक्त देवांशकडे बघत राहिले.

इथे अनोळखी बायका मला 'मॅडम' म्हणतात, माझ्या एका शब्दावर बाळाला दवाखान्यात नेतात. गाव सोडून माझ्यासारख्या लांब गेलेल्यांना हे ठाऊक असेल. आपलं शिक्षण सगळ्या घरांत शिरतं, आपल्याच दारात चप्पल काढून थांबतं. तरी घर म्हटलं की मला तेच दार आठवतं.

काल वहिनीचा व्हिडिओ कॉल आला. मी विचारलं, नागपूरचं काय झालं?

तिने आवाज खाली केला. "हे म्हणते, बागेतला संत्रा तुटू दे, मंग पाहू." मग जरा उजळून म्हणाली, "पण तुम्ही सांगतलं तसं मी दिवसभर बोलून राहिली त्याच्यासंगं. सकाळी त्याले बैलाची गोष्ट सांगतली. लय आवडते त्याले. पाहा ना!"

तिने पुन्हा गोष्ट सुरू केली. देवांशने आपला हात उचलला, आवाजानं थरथरणाऱ्या आईच्या गळ्यावर ठेवला, आणि ती बोलत होती तोवर काढला नाही.