आरशावरच्या टिकल्या

चिपच्या नव्या कारखान्यात, कपडे बदलायच्या खोलीबाहेर एक आरसा आहे. परवा तो पाहिला आणि मी थबकलोच. त्यावर टिकल्या चिकटवलेल्या होत्या. कडेने लाल, काळ्या, आणि अगदी मधोमध एक हिरवी, खड्याची.

"सर, आत पावडर नाही, टिकली नाही. एक कण पडला तरी चिप वाया जाते," असं म्हणत सुनंदाने कपाळावरची टिकली काढली, घरी अंघोळीआधी लावतात तशी आरशावर लावली आणि आत गेली.

सुनंदा माझी विद्यार्थिनी. सरकारने आमच्या आयटीआयला चिप बनवायचा हा अभ्यासक्रम दिला, यंत्रं दिली, तेव्हा स्टाफरूममध्ये मीच म्हणालो होतो, "आपल्याकडे हे व्हायचं नाही. इथे खिडकी उघडली की टेबलावर बोटाने नाव लिहिता येतं." धूळ अजूनही तेवढीच आहे. पण ती दाराबाहेर ठेवता येते, हे मी शिकवलेल्या मुलींनी मला शिकवलं.

काचेपलीकडे सगळ्या पांढऱ्या पोशाखात, नुसते डोळे दिसणाऱ्या. तपासणीच्या यंत्रावर हिरवा दिवा लागला, तसा एकीने माझ्याकडे बघून हात उंचावला. तीच सुनंदा.

शिफ्ट संपली. बाहेर येऊन एकेकीने न चुकता आपापली टिकली उचलली.

"काय सर, आपल्याकडे होत नाही ना हे?" सुनंदाने विचारलं. स्टाफरूममधलं माझं वाक्य मुलींपर्यंत पोचलं होतं तर.

मी उत्तरासाठी आरशाकडे वळलो. हिरव्या टिकलीची मालकीण अजून आत कामात होती. तिची टिकली आरशातल्या माझ्या नेमकी कपाळावर आली होती.

मी मुळीच हललो नाही.