वाळवीनं न खाल्लेलं पाकीट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. लग्नाकार्यात मला मध्ये बसवतात, गोष्टी सांग म्हणतात — आणि मी सांगते, अगदी स्वतःच्या फजितीच्यासुद्धा. ही मात्र दरवेळी गिळते.

बी.एस्सी.ला असताना सर आम्हाला लोणावळ्यापलीकडच्या डोंगरावर घेऊन गेले होते, जंगली अळंबी गोळा करायला. सगळे चढले. मी पाय मुरगळल्याचं सांगून पायथ्याशी तीन प्लेट भजी खाल्ली. पाय ठणठणीत होता, हे वेगळं सांगायला हवं का?

आता रिकाम्या हातानं वर्गात कसं जायचं? चिखलीच्या हौसाआत्याच्या शेतात, कोपऱ्यातल्या वारुळावर, श्रावणात अळंबी यायची. ती जागा सासूनं तिला दाखवलेली, तिनं मला. "दोन वारुळाला ठिवायच्या, बाकीच्या आपल्या. अन् जागा कुनाला सांगायची न्हाई."

सांगितली नाहीच! तिच्याकडची एक अळंबी वाळवली, पाकिटात घातली आणि वर सुंदर अक्षरात लिहिलं — ठिकाण: तो डोंगर. सरांनी पाठ थोपटली. पाकीट कॉलेजच्या वनस्पतिसंग्रहात गेलं, नोंदवहीत चढलं. "माझी अळंबी कालिजात हाय," आत्या गावभर सांगायची.

भजीएवढंच पाप, नाही का? मलाही तसंच वाटायचं.

मग चार वर्षांपूर्वी आत्याच्या मुलानं, बाळूदादानं, ते शेत वर्कशॉपच्या शेडसाठी द्यायचं ठरवलं. आत्या अडून बसली. दादा वैतागला, "आये, वारुळासाठी कुनी प्लॉट सोडतं व्हय? तुझी अळंबी हितलीच, जागा जपायला पायजे, असं कॉलेजनं लिहून दिलं तर सोडतो तेवढा कोपरा."

आत्यानं घरची रीत मोडली. मला म्हणाली, "सांग त्यांना जागा. कागुद घिऊन ये."

मी गेले. सर आता थकलेत, पण कपाटातून पाकीट त्यांनीच काढून हातात दिलं. म्हणाले, "दरवर्षी मुलं पाठवतो त्या डोंगरावर. पुन्हा सापडलीच नाही बघ."

एक वाक्य बोलायचं होतं — सर, ती तिथली नव्हतीच. पन्नाशीच्या बाईला आता कोण वर्गाबाहेर काढणार होतं? पण मी — मी त्यांच्या गुडघेदुखीची चौकशी केली आणि परत आले.

"आत्या, पाकीट वाळवीनं खाल्लं गं."

ती खळखळून हसली. "वारुळातलं वाळवीनं खाल्लं? मग घरीच गेलं म्हनायचं!" आणि चहा टाकायला उठली. माझ्यावर तिनं कधी शंका घेतली होती?

कोपरा सपाट झाला. पुढच्या श्रावणात आत्या शेडच्या भिंतीला टेकून बसायची, मशीनच्या आवाजात, मांडीवर अळंबीची रिकामी पाटी घेऊन. त्यानंतरचा श्रावण तिनं पाहिला नाही.

चिखलीला गेले की मी त्या शेडमधल्या कोब्यावर भेगा शोधते. कोबा चांगला घातलाय.

मुलं अजून त्या डोंगरावर जातात. पाकीट कपाटात आहे, अक्षर माझं आहे. वाळवी लागलेली नाही.